जी नै लगता

आम्ही मराठवाड्यातले मुसलमान घरात दखनी बोलतो आणि शाळेत मराठी शिकतो. दोन्ही भाषा आमच्याच. पण एका दुखण्याला या दोन्ही भाषांनी आम्हाला घरात वापरता येईल असं नाव दिलं नाही. मराठीतला ‘औदासीन्य’ हा शब्द पुस्तकात राहिला. दखनीत बाया म्हणतात, ‘‘जी नै लगता’’, ‘‘दिल घबराता’’, ‘‘हात-पाव में जान नै’’. ऐकणारा समजतो, अशक्तपणा आला असेल, टॉनिक घ्या. बोलणारीला मात्र याहून बरंच काही सांगायचं असतं.

माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, हे शब्द २००१ साली वापरायला सुरुवात केली. आमचं घर नांदेडला, तिचं सासर लातूरला; मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा रस्ता. दुसरं बाळंतपण होऊन दोन-तीन महिने झाले होते. झोप उडाली, जेवण सुटलं, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना. नमाजला उभं राहण्याइतकीही ताकद उरली नाही आणि नमाज सुटते म्हणून आपण गुन्हेगार, हा विचार दिवसभर तिला कुरतडत राही. ‘‘अल्ला मेरे से नाराज है,’’ एवढं एकच ती बोले.

ईमान कमजोर झालं म्हणणारे भेटले. ‘‘असर है’’ म्हणणारे त्याहून जास्त भेटले. ताविज झाले, दम केलेलं पाणी झालं, कंधारला हाजी सय्याह यांच्या दर्ग्यावर जुमेरातीच्या फेऱ्या झाल्या. मी याची टिंगल करणार नाही. दर्ग्याच्या आवारात चार बाया तिच्याजवळ बसत, तिचं ऐकत. पुढे ज्या दवाखान्यात तिला नेलं, तिथे पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडली आणि पुढच्या पेशंटचा पुकारा झाला.

लातूरला दुःख नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. मागे राहिलेल्यांची झोप कायमची बिघडली. कित्येकांना पक्क्या छताखाली निजायची भीती वाटे. त्यांचं दुःख सगळ्यांना समजलं, कारण त्याचं कारण डोळ्यांसमोर पडलेलं होतं. आपाकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. नवरा कमावता, पदरात मुलगी, वर मुलगा झालेला. ‘‘इसको किस बात का गम?’’ असं सासू विचारी.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच परंपरेत हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) या विद्वानाने शरीर आणि नफ्स या दोहोंच्या निगराणीवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने गमचे दोन प्रकार केले: एकाचं कारण माणसाला ठाऊक असतं, दुसऱ्याचं नसतं. दुसरा प्रकार शरीरातल्या बिघाडातून येतो, म्हणून त्याला शरीराचाही इलाज हवा, असं त्याचं म्हणणं. दमास्कसला ११५४ साली नूरुद्दीनने आणि कैरोला १२८४ साली सुलतान कलावूनने उभारलेल्या बीमारिस्तानांत मनाच्या रोग्यांनाही जागा होती. आणि याच वारशाचे आपण लोक! ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रोग्यांना पळता आलं नाही. अठ्ठावीस जीव गेले. ती बातमी आली त्याच वर्षी आमच्या घरात आपा आजारी होती. अब्बांनी वर्तमानपत्र घडी करून कपाटात ठेवलं, अम्मीला दाखवलं नाही.

असो. गोळ्या सुरू झाल्या. या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आठव्या दिवशीच ‘‘फायदा नै’’ म्हणून त्या बंद करायची भाषा सुरू झाली. अब्बांनी हट्टाने चालू ठेवल्या. दोन महिन्यांनी आपा उठली. आणि उठली ती बसेचना. रात्री दोनला सगळी भांडी अंगणात काढून घाशी. उधारीवर कापड आणून शेजारणींना वाटी. कानातलं सोनं काढून दारातल्या फकीरणीला दिलं. पहिले आठ दिवस सगळे खूश होते, दुवा कुबूल झाली म्हणून. मग ती सासऱ्यांना तोंडावर बोलू लागली, एका रात्री एकटीच बाजारात निघून गेली. आता ‘असर’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. आता शब्द होता ‘बदचलन’. तलाकची भाषा निघाली.

हे मला पुनःपुन्हा सांगावंसं वाटतं. आजार एकच होता. त्याच्या एका टोकाला बाईची कीव झाली, दुसऱ्या टोकाला तिच्या चारित्र्याचा पंचनामा झाला.

आपाला नांदेडला आणलं. इथल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अम्मीला विचारलं, ‘‘लग्नाआधी कधी अशी झोपेविना, खूप उत्साहात होती का?’’ अम्मीला आठवलं, एकोणीस वर्षांची असताना दोन आठवडे रात्रंदिवस शिवणकाम करत होती. सगळे कौतुक करत होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं: बायपोलर, म्हणजे मन दोन टोकांना जाण्याचा आजार. अशा रोग्याला नुसती उदासीवरची गोळी दिली, तर मन उसळून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. त्यांनी दुल्हेभाईंना समोर बसवून हे सगळं समजावलं. तलाकची भाषा त्या दिवसापासून मंदावली.

लिथियम सुरू झालं. या धातूच्या क्षाराचा असा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली मांडला. औषध गुणी, पण शिस्त मागणारं. रक्तातलं प्रमाण कमी पडलं तर उपयोग नाही, वाढलं तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळाने रक्ताची तपासणी, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर नजर. अंगातलं पाणी किंवा मीठ घटलं की प्रमाण चढतं. अंगदुखीची काही साधी औषधंसुद्धा ते चढवतात. दुकानातून मनाने गोळी आणायची नाही. व्हॅलप्रोएट नावाचं दुसरं औषध गर्भाला अपाय करू शकतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईने त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावं. आणि बरं वाटलं म्हणून कुठलीच गोळी आपल्या मनाने सोडू नये.

सगळ्यांत अवघड गेला तो रमजान. पुढे तो मे-जूनच्या उन्हात येऊ लागला. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा उन्हात पंधरा तास पाण्याविना राहणं लिथियमवरच्या माणसाला धोक्याचं. त्यात सेहरीसाठी मोडणारी झोपही या आजाराला उसळी देते. डॉक्टर नको म्हणाले, आपा ऐकेना. शेवटी मोहल्ल्यातल्या मौलानांनी सांगितलं, की आजाऱ्याला सूट खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेणं हा गुन्हा नाही, फिदया द्या. हजरत याकूब यांचे डोळे मुलाच्या गमने पांढरे झाले होते, त्यांच्या ईमानाबद्दल कुणी शंका घेतली का, असंही त्यांनी विचारलं. आपा खूप रडली. जे डॉक्टरांच्या चिठ्ठीने झालं नाही, ते मौलानांच्या दोन वाक्यांनी झालं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून ‘दवा आणि दुवा’ शेजारी ठेवण्याचा प्रयोग झाला, त्यामागचं शहाणपण हेच.

आता कायदाही रोग्याच्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. रोग्याला साखळीने बांधणं त्याने गुन्ह्यात धरलं, सरकारी उपचाराचा हक्क दिला, विम्यात शरीराच्या आजारासारखीच वागणूक बंधनकारक केली. २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पण कायदा रिश्ता जुळवून देत नाही. आपाची मुलगी आता लग्नाची आहे. हा आजार घराण्यात येऊ शकतो, म्हणून काहींनी सुचवलं, गप्प बसा. डॉक्टर म्हणाले, आईला आजार असेल तर मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. गेल्या वर्षी औशाहून पाहुणे आले, तेव्हा आपाने चहा ठेवता ठेवता स्वतःच सांगितलं, ‘‘मेरेकू ये बीमारी है. रोज गोली खाती मैं. निकाह के बाद दुसऱ्याके मुँह से मालूम होने से अच्छा, अब्बी सुन लेव.’’ पाहुण्यांनी चहा घेतला, पुन्हा निरोप धाडला नाही. मुलगी दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच येऊन सांगितलं, पुढच्या वेळी हे मी सांगीन.

उदगीरच्या एका घराने विचार करायला वेळ मागितला आहे.