सोळाशे रुपये

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी इंदूरला गेलो होतो. पुण्याहून रात्रीच्या गाडीने, स्लीपरने. परतल्यावर प्रवासभत्त्याचे बिल भरायला बसलो, तेव्हा शेजारचे सहकारी म्हणाले, "सर, थ्री-टायर एसी लिहा. तो तुमचा हक्कच आहे. सगळे तेच लिहितात." मी लिहिले आणि खाली सही केली. जाऊन-येऊन सोळाशे रुपयांचा फरक.

गंमत म्हणजे त्याच फेरीत मी मुद्दाम इंदूर ख्रिश्चन कॉलेज पाहून आलो होतो. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये काढलेले. किशोरकुमार तिथला विद्यार्थी. कँटीनची पाच रुपये बारा आण्यांची उधारी त्याने ठेवली, अशी गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. मीही हसलो होतो.

पुढच्याच आठवड्यात वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर बोलत होतो. बोलता बोलता १९१७ सालापाशी आलो. त्या वर्षी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. वय पंचावन्न. पगार कष्टाचा होता; पण ख्रिस्त आपल्या माणसांपर्यंत न्यायचा तर पगारी नोकर म्हणून नको, असा त्यांचा निर्णय. टिळकांचे सगळेच बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंची ताटातूट झाली. एकाने मनाचा कौल घेतला, सोसले दुसरीने.

एका मुलीने विचारले, "सर, त्यांनी काही खोटं तर केलं नव्हतं. मग सोडायची काय गरज?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तास संपल्याची घंटा झाली. एवढा सुटल्यासारखा मी कधीच वर्गाबाहेर पडलो नव्हतो.

आई धारवाडची, बासेल मिशनच्या चर्चमधली. आमच्या घरात प्रार्थना मराठीत आणि हिशेब कन्नडात. लहानपणी खिशात जास्तीची चार नाणी सापडली की ती हात धरून विचारायची, "ई रोक्क यारदु?" त्या रात्री तेच कानात वाजत राहिले. बायकोला सांगितले. ती म्हणाली, "त्यातूनच मुलीची फी भरलीय."

चर्चच्या पुरुष मंडळात आम्ही दारू-तंबाखूवर तासभर बोलतो. बिलांवर कुणी बोलल्याचे मला आठवत नाही. जक्कय आम्हाला झाडावर चढलेला बुटका म्हणून पाठ आहे. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट देईन म्हणाला, तिथे आमची गोष्ट संपलेली असते.

पैसे घेऊन कार्यालयात गेलो. क्लार्क चकित झाला. "परत घ्यायला माझ्याकडे हेडच नाही, सर." मग हळू आवाजात, "आणि तुम्ही भरलेत तर बाकीच्यांचं काय?" खरी अडचण तीच होती. माझ्या प्रामाणिकपणाने दहा जण उघडे पडणार होते, आणि त्यांतले दोघे माझ्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून आलेले.

पंधरा दिवस घालवले. मग फक्त माझ्या बिलापुरता अर्ज लिहिला, 'चुकीने जादा आकारणी' असे शब्द घातले आणि चलन भरले. 'चुकीने' हा शब्दही खोटाच होता.

चौपट नाही, सोळाशेच. शेजारचे सहकारी दोन महिने माझ्याबरोबर चहाला आले नाहीत. त्या मुलीचे उत्तर मात्र राहूनच गेले. ती पास होऊन गेली.