मोडीत देण्यापूर्वी

प्रिय ताई,


आजीचं चांदीचं तबक मोडीत देऊन लेकीसाठी नवं ताट करायचं म्हणतेस. चांदी घरची, द्यायची ती फक्त घडणावळ. हिशेब चुकीचा नाही. पण याच हिशेबाने मध्ययुगीन इराणची बहुतेक चांदी वितळली गं.

सोन्याचांदीच्या भांड्यांतून खाऊपिऊ नये, असं हदीस सांगते. तरी अमीरांच्या मैफलींत चांदीच्या सुरया नि तबकं मिरवत होतीच. पैशाची नड आली की तीच भांडी वितळायची. म्हणून तेहरानच्या संग्रहालयातला अमीर अबुल अब्बास वल्कीनचा हजारेक वर्षांपूर्वीचा संच मला अपूर्वाईचा वाटतो. चांदीवर काळ्या कुफी अक्षरांत त्याचं नाव आहे. पाहुण्याने घोट घ्यायचा तो यजमानाचं नाव वाचत.

बाराव्या शतकात चांदीचा तुटवडा पडला, नाण्यांनाही ती पुरेना. तेव्हा हेरातच्या कारागिरांनी कांस्यात खाचा पाडून त्यांत चांदीची, तांब्याची तार ठोकून बसवली. 1163 सालची तशी एक बादली आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहे. कडी सोडली तर जेमतेम वीतभर उंच. तिच्या अंगावर शिकार, मद्यपान, गाणंबजावणं सगळं आहे. वरच्या पट्ट्यात तर अक्षरांनाच माणसांची डोकी फुटलीत, आणि ती अक्षरं मालकाला वैभव नि सुख चिंतताहेत. मालक राजा नव्हे, झंजानचा व्यापारी, रशीदुद्दीन अझीझी. 'व्यापाऱ्यांचं भूषण' ही पदवी त्याच्या नावापुढे कोरलीय. मला भावलं ते वेगळंच: ओतणारा मुहम्मद आणि नक्षी करणारा मसूद, दोघांचीही नावं धन्याच्या नावासोबत तिथे आहेत. कांस्य वितळवून हाती फारसं लागलं नसतं. बादली टिकली ती बहुधा त्यामुळेच, असं मला वाटतं.

आपलं तबक मात्र निखळ चांदीचं, म्हणून जीव घाबरतो. 'तबक' हा शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आला. ते एकदा पालथं कर. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजीचं नाव आहे, खाली पणजोबांचं. नव्या ताटावर सोनार कुणाचंही नाव घालेल, पण हे ठिपके परत येणार नाहीत.

घडणावळीचे पैसे मी देते, ताटाची चांदीही आपण दोघी मिळून घेऊ. मी दिवाळीत येईपर्यंत तबक कपाटात असू दे. घासायला काढलंस तर पाठीकडून हलक्या हाताने घास, आजीच्या नावातलं शेवटचं अक्षर आताच पुसट झालंय.

तुझी,
धाकटी