मला कुणाशीच भांडायचं नव्हतं

फेब्रुवारी २०२३. गव्हाचं शेवटचं पाणी होतं आणि त्या आठवड्यात शेतीच्या लाइनची पाळी रात्रीची होती. साडेबाराच्या सुमारास आप्पांनी खालूनच हाक मारली, "चाल रे भाऊ, लाईट उनी." झोपेतून उठायचा प्रश्न नव्हता, मी जागाच होतो. माडीवरच्या लॅपटॉपमध्ये माझं एक जाडजूड जहाज एका दगडाला लेझर लावून उभं होतं. जहाजाचं पोट भरायला अजून वेळ होता. म्हटलं, राहू दे तसंच. मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली आणि आप्पांच्या मागे गाडीवर बसलो.

मोटर चालू करून वाफे भरून परत यायला साडेतीन वाजले. पाय चिखलाने माखलेले, बोटं गारठलेली. स्क्रीनकडे पाहिलं तर जहाज नव्हतं. ईव्हमध्ये जहाज फुटलं की माणूस एका अंड्यासारख्या कुपीत उरतो. ती कुपीही फोडलेली होती. मी कुठल्या तरी स्थानकात, नव्या शरीरात, रिकाम्या हाताने उभा होतो.

एका गेममधलं जहाज गेलं म्हणून अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर पहाटे चिखलाच्या पायांनी खुर्चीत बसून रडतो, हे सांगायला मला आजही लाज वाटते. पण त्या रात्री मी खरंच रडलो. त्याचं कारण जहाज एवढंच नव्हतं.

जानेवारीत माझी नोकरी गेली होती. पुण्यातल्या कंपनीने पंधरा मिनिटांच्या एका व्हिडिओ कॉलवर आमच्या अर्ध्या टीमला निरोप दिला. मी हिंजवडीजवळची खोली सोडली, शिंदखेड्याला आलो आणि 'वर्क फ्रॉम होम दिलंय' असं घरी सांगून माडीवर टेबल लावलं. आई चहा आणायची ती जिन्यात पाऊलसुद्धा न वाजवता. मीटिंग चालू असेल म्हणून. कप ठेवून, स्क्रीनकडे न बघता, तशीच खाली जायची. दिवसा मी अर्ज पाठवायचो, मुलाखती द्यायचो. रात्री ईव्ह. त्या दोन महिन्यांत माझ्या हातून रोज थोडी थोडी वाढणारी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे त्या जहाजाच्या पोटातली माती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडच्या सीसीपी गेम्स या कंपनीचा मे २००३ पासून अखंड चालू असलेला खेळ. हजारो तारामंडळं, आणि बहुतेक सगळं जग एकाच सर्व्हरवर, एकाच वेळी. जहाजं खेळाडूच बांधतात, खेळाडूच विकतात आणि खेळाडूच फोडतात. फुटलेलं परत मिळत नाही. चलनाचं नाव इस्क, आणि आइसलँडच्या खऱ्या क्रोनाचं लघुरूपही तेच. या बाजाराचा हिशोब ठेवायला कंपनीने २००७ मध्ये चक्क एक अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला होता. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने एक बरी गोष्ट म्हणजे हा खेळ सेकंदाला एकदाच पुढे सरकतो. त्यामुळे लंडनमधल्या सर्व्हरशी शिंदखेड्यातून बोलताना नेट थोडं अडखळलं तरी फारसं बिघडत नाही. बीजीएमआयमध्ये तेवढ्यात माणूस मरतो.

माझे मित्र सगळे बीजीएमआयवाले. मला ते कधी जमलं नाही. लहानपणी गल्लीत क्रिकेट असायचं तेव्हाही मी स्कोअर लिहायला बसायचो, आणि आउट होता की नव्हता यावरून बॅटी उगारल्या गेल्या की वही घेऊन घरी जायचो. मला भांडण सहन होत नाही, एवढं सरळ आहे. मग जगातल्या सगळ्यात निर्दय समजल्या जाणाऱ्या खेळात मी काय करत होतो? तर दगड फोडत होतो. खाणकाम हा या खेळातला सगळ्यात निवांत धंदा. पट्ट्यात जायचं, दगड निवडायचा, लेझर लावायचा, चहा प्यायचा. वेल्डस्पार नावाच्या सगळ्यात साध्या दगडातून ट्रायटॅनियम निघतं आणि ते जवळजवळ प्रत्येक जहाजाला लागतं. शेवटच्या पगारातून एका महिन्याचं सदस्यत्व घेतलं होतं आणि साठवलेल्या इस्कमधून रिट्रीव्हर हे जहाज. ते निवडलं कारण त्याचं पोट मोठं, लक्ष न देता सोडून जाता येतं.

तिथेच चुकलं. ईव्हमध्ये प्रत्येक तारामंडळाला सुरक्षेचा आकडा असतो. १.० म्हणजे भर वस्ती, ०.० म्हणजे रान. ०.५ आणि त्यावर असलं की पोलिस आहेत, त्यांचं नाव कॉनकॉर्ड. नवीन माणूस आकडा बघतो आणि निर्धास्त होतो. पण हे पोलिस गुन्हा थांबवत नाहीत, नंतर शिक्षा करतात. ०.५ मध्ये त्यांना पोहोचायला वीसएक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कॅटलिस्ट नावाच्या स्वस्त जहाजांची एक टोळी रिट्रीव्हरचा चुरा करते. मग पोलिस येऊन त्या टोळीची सगळी जहाजं फोडतात. टोळीला ते आधीच माहीत असतं, तो खर्च हिशोबात धरूनच ती येते.

अशा लोकांची मोठी परंपरा आहे. २०१२ मध्ये जेम्स ३१५ नावाच्या खेळाडूने 'न्यू ऑर्डर' काढली. पोलिसांच्या हद्दीतल्या खाणवाल्यांनी वर्षाला १ कोटी इस्क भरून परवाना घ्यायचा, की-बोर्डपाशी हजर राहायचं, नाहीतर जहाज जाणार. त्यांचं म्हणणं असं की दगडाला लेझर लावून झोपी जाणारी माणसं म्हणजे यंत्रं, आणि ती खेळ सडवतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संतापलो. खंडणीला तत्त्वज्ञानाचं वेष्टण! आजही मला ती दादागिरीच वाटते. फक्त 'लेझर लावून निघून गेलेला माणूस' या वर्णनात मी तंतोतंत बसत होतो, हे जरा टोचलं.

त्या पहाटे मी ज्याने शेवटचा वार केला त्याला निरोप लिहिला. नोंदीत नाव दिसतंच. शिव्या नव्हत्या, पण आवाज चढलेला होता. मी तुझं काय घेतलं होतं, मी तर एका कोपऱ्यात माझं काम करत होतो, वगैरे. उत्तर दहा मिनिटांत आलं आणि ते अपमानास्पद सभ्य होतं. पुढच्या वेळी प्रोक्युरर घे, त्याचं पोट लहान पण कातडी जाड, आणि जागेवर बस. मी विचारलं, दरवेळी तुमचीही जहाजं जातात, परवडतं कसं? तो म्हणाला, जिटामध्ये सगळ्यात स्वस्त जी मिळतील ती घेतो.

जिटा म्हणजे ईव्हची सगळ्यात मोठी बाजारपेठ. आणि मी माझं ट्रायटॅनियम नेऊन विकायचो ते जिटामध्येच.

लेझर माझा, दगड माझा, त्यातून निघालेलं ट्रायटॅनियम माझं. ते ज्यांनी घेतलं त्यांनी त्यातून कॅटलिस्ट बांधल्या असतील, आणि त्यातल्या एखादीने मला फोडलं असेल. सिद्ध करता येणार नाही, पण हिशोब असाच चालतो. मला वाटत होतं, लढाई दूर कुठेतरी चालू आहे आणि मी तिच्याबाहेर बसून शांतपणे माझं काम करतोय. प्रत्यक्षात माझ्या मालाला भाव होता तो रोज कुठे ना कुठे जहाजं फुटत होती म्हणून. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या तारामंडळात साडेसात हजारांवर खेळाडू एकवीस तास लढले, ७५ टायटन फुटले. टायटन म्हणजे खेळातली सगळ्यात प्रचंड जहाजं. निमित्त काय, तर त्या जागेच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही! जगभरच्या बातम्यांत खऱ्या पैशांत नुकसान किती, तर तीन लाख डॉलरच्या आसपास, असं छापून आलं. मी ते वाचताना विचार करत होतो, या सगळ्याचं ट्रायटॅनियम कोणी खणलं असेल? माझ्यासारख्याच कुणीतरी, रात्री, चहा पीत. ज्या दिवशी ईव्हमध्ये कुणीच कुणाचं जहाज फोडणार नाही, त्या दिवशी माझा वेल्डस्पार नुसता दगड.

म्हणजे 'शांत खेळाडूला हा खेळ झेपेल का' हा माझा प्रश्नच जरा भाबडा होता. न लढता राहता येतं, शंभर टक्के. बाहेर राहता येत नाही.

न लढणाऱ्यांची उदाहरणं मी नंतर शोधली, आणि ती भन्नाट निघाली. क्रिब्बा नावाचा खेळाडू वर्षानुवर्षं साधा वेल्डस्पार खणत राहिला, तोही युद्धासाठी बनवलेल्या अजस्र जहाजातून. त्याची इमानदारी इतकी पक्की की एकमेकांच्या जिवावर उठलेले लोक महागड्या जहाजांचा सौदा करताना मध्यस्थ म्हणून त्याला बोलवायचे. मला यावरून आमच्या तापी खोऱ्यातून गेलेला सुरत–बुऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ता आठवतो. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन लढणाऱ्या फौजांपर्यंत जायचे, आणि सहसा त्यांना कुणी हात लावत नसे, कारण सैन्याला जेवायला लागतं. त्यांची गरज दोन्ही बाजूंना होती, हेच त्यांचं चिलखत. आज त्याच खोऱ्यातून सुरत–भुसावळ रेल्वे जाते, आमच्या गावावरून.

आणि कातिया साए. या खेळाडूने जवळपास दशकभर फिरून ईव्हमधली सात हजारांहून जास्त तारामंडळं, रानातलीसुद्धा, एकही जहाज न गमावता पालथी घातली. २०१९ मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा कंपनीने खेळातच त्याचा पुतळा उभारला. पण एवढं फिरायचं म्हणजे डोळे सतत उघडे ठेवायचे. मी ज्याला शांतता म्हणत होतो ती बेसावधपणाची सोय होती. हा माणूस शांत होता आणि झोपलेला नव्हता.

मार्चमध्ये मीही जरा धाडस केलं. वर्महोल नावाचे तात्पुरते दरवाजे असतात, पलीकडच्या जगात कोण हजर आहे ते कळतच नाही. मी फुकट मिळालेलं छोटं व्हेंचर घेऊन आत गेलो आणि माझ्यामागे दरवाजा मिटला. दुसरी वाट शोधायची साधनं जवळ नव्हती. रात्रीचे दोन. सिग्नल कार्टेल नावाचा एक गट आहे, २०१४ पासूनचा. स्वतःहून कुणावर हल्ला करायचा नाही हा त्यांचा नियम, आणि अशा जागी अडकलेल्यांसाठी ते सामानाच्या पेट्या लपवून ठेवतात. मी त्यांना लिहिलं. पलीकडच्या माणसाने तारामंडळाचं नाव विचारलं, यादी पाहिली आणि म्हणाला, आहे, तिथे आमची पेटी आहे. मग पासवर्ड दिला. मी बाहेर पडेपर्यंत तो पाऊण तास थांबला. त्याच्याकडे दुपार होती, जेवण बाजूला ठेवून बसलो होतो असं नंतर सहज म्हणाला. जानेवारीपासून मी कुणाकडेच मदत मागितली नव्हती. पहिल्यांदा मागितली ती याच्याकडे.

इकडे खालच्या खोलीत कापूस होता. नोव्हेंबरात भाव ९,००० च्या आसपास होता तेव्हा आप्पांनी विकला नाही. आदल्या वर्षी १०,००० च्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिला होता, खानदेशात घरोघरी तीच आशा. कापूस छतापर्यंत रचलेला, घरभर अंगाला खाज, आणि भाव आठवड्याआठवड्याला खाली. मी माडीवर नोकरी गेल्याचं दाबून बसलेलो, आप्पा खाली कापूस दाबून बसलेले. जेवताना आम्ही क्रिकेटवर बोलायचो.

मे महिन्यात, भाव ७,००० च्या घरात आल्यावर, टेम्पो भरला आणि दोंडाईच्याकडे जिनिंगला निघालो. पुढे ड्रायव्हर, आप्पा आणि मी. गेटबाहेर वाहनांची रांग होती. ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला तेव्हा मी सांगितलं. जानेवारीपासूनचं सगळं.

आप्पा बराच वेळ समोरच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग रातले काय करस माडीवर?"

मी खरं तेच सांगितलं. दगड फोडतो. ते विकतो. एकदा सगळं गेलं, गव्हाला पाणी होतं त्या रात्री.

"तुले कोनी मारं?"

ओळखीचं कोणी नाही म्हटलं. त्याचा धंदाच तो.

पुन्हा गप्प. रांग एक गाडी पुढे सरकली. ड्रायव्हर अजून आला नव्हता.

"आनि त्या दगडले भाव काय भेटस?"

मी सांगितला. फेब्रुवारीत किती होता आणि आता किती, तेही सांगितलं. उतरला होता, मी वाढेल म्हणून बराच माल साठवून ठेवला होता.

"इकी टाक," आप्पा म्हणाले, आणि काट्यावरचा माणूस हात करतोय म्हणून खाली उतरले.