वानप्रस्थ आणि व्रत

कलावंतानें केव्हां थांबावें, हा प्रश्न आमच्या घरीं वरचेवर निघतो. विलायतेंत १९७६ च्या सुमारास ‘पंक’ नांवाचें बंडखोर संगीत निघालें. तें गाणारे कित्येक आज सत्तरीच्या घरांत असूनहि रंगमंचावर उभे राहतात. तरुणांना त्याचें कौतुक, तर वडीलधाऱ्यांना वानप्रस्थाश्रमाची आठवण!

आम्हांस अशा वेळीं लोकशाहीर विठ्ठल उमप आठवतात. १९३१ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या आंबेडकरी शाहिरानें सत्तरी ओलांडल्यावरहि ‘जांभूळ आख्यान’ केलें. द्रौपदीच्या मनांत कर्णाविषयीं अभिलाष उपजतो, ही कथा व्यासांच्या भारतांत नाहीं, ती लोकपरंपरेंतली. संस्कृत शिकलेल्या कानांस ती प्रथम खटकते. पण ठाण्यास तें आख्यान पाहतांना तो वृद्ध पुरुष नुसत्या नजरेनें द्रौपदी झाला, आणि तिची लज्जा पाहून मूळ संहितेचा वाद आम्हांस सुचलाच नाहीं. पंचविशीच्या नटाला हें साधलें असतें काय?

२०१० च्या नोव्हेंबरांत नागपुरास दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असतांनाच ते कोसळले व गेले. ‘वेळींच थांबते तर!’ असें कोणी हळहळून म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. वानप्रस्थ म्हणजे आसक्ति सोडणें, व्रत सोडणें नव्हे. घरांतील वृद्धांनीं किल्ल्या सुनेच्या हातीं खुशाल द्याव्या. पण जें गाणें, जो पाठ आपल्यापाशीं आहे, तो शेवटपर्यंत चालवावा. घरच्यांनींहि ‘आतां पुरे’ म्हणण्याची घाई करूं नये.