कृष्णपुऱ्याच्या छत्र्या



इंदूरच्या राजवाड्यापासून जवळच, कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांचा तो रोजचा रस्ता आहे. 'छत्री' म्हटले की लहान मुलांना पावसाळा आठवतो, आणि ते ठीकच आहे. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, छत्र. दिवंगत व्यक्तीवर दगडाचे कायमचे छत्र धरावे, अशी त्यामागची भावना आहे.

छत्री म्हणजे कबर नव्हे. आपल्याकडे देहाला अग्नी देतात, अस्थी नदीला अर्पण करतात. मग स्मारक बांधायचे कसे? कारागिरांनी त्यासाठी देवळाचाच आराखडा घेतला. खाली उंच जोते, त्यावर महिरपींचा सभामंडप, आत गाभारा, वर शिखर आणि कळस. कमानी पाहिल्या तर मोगल वळण दिसते, कोरीव कामात राजपूत हात दिसतो आणि शिखर मराठी देवळाची आठवण देते. शिपाई आणि वादकही दगडात कोरलेले आहेत, जणू दरबार अजून भरलेला आहे.

या छत्र्या होळकर घराण्यातील तिघांच्या आहेत. कृष्णाबाई या दुसऱ्या मल्हाररावांच्या आई. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. तेव्हा मल्हारराव लहान होते. पुढे १८४४ मध्ये दुसरे तुकोजीराव बालवयात गादीवर बसले, तेव्हाही कृष्णाबाईंनी १८४९ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत कारभारावर लक्ष ठेवले. तुकोजीरावांनी १८८६ पर्यंत राज्य केले आणि होळकर स्टेट रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. त्यांचे पुत्र शिवाजीराव १९०३ मध्ये गादीवरून दूर झाले आणि १९०८ मध्ये वारले. सांभाळणारी बाई, तिने सांभाळलेला मुलगा आणि त्याचा मुलगा, असे तिघे एका काठावर आहेत.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. इतिहासाच्या सनावळ्या आम्ही हिंदीत पाठ केल्या. पण जोते, महिरप, गाभारा, कळस हे शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळाले, कुठल्याही पुस्तकातून नव्हे. आज वर्गात 'महिरप' विचारले तर फार थोडे हात वर होतात. दगड दीडशे वर्षे टिकतो, शब्द मात्र एका पिढीत जातो. त्याची डागडुजी कोणतेही सरकारी खाते करणार नाही, ती आपल्याच घरात व्हावी लागेल.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन छत्र्यांवर जा. आजी-आजोबांना सोबत न्या. जोत्यापासून कळसापर्यंत एकेका भागाचे नाव मराठीत विचारा, आणि मुलांनी चित्र काढून त्यावर ती नावे लिहावीत. चांगली चित्रे शाळेच्या फलकावर लावू. भिंतीवर आपले नाव मात्र कोणी कोरू नये. तिथे ज्यांची नावे असायला हवीत, त्यांची आहेत.