वाचणे आणि अंगावर घेणे

मेल्व्हिलच्या 'मोबी डिक'मधली (१८५१) क्वीक्वेगची शवपेटी आम्ही पुण्याच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवली. दक्षिण समुद्रातल्या बेटावरचा हा हार्पूनवाला आपल्या अंगावरच्या गोंदणाचे काही भाग पेटीच्या झाकणावर कोरून काढतो. त्याच्या बेटावरच्या एका द्रष्ट्याने ते त्याच्या अंगावर लिहिलेले. त्यात आकाश-पृथ्वीचे सारे शास्त्र आहे, आणि ज्याच्या कातडीवर ते आहे त्याला ते वाचता येत नाही. या जागी आम्ही थोडे थांबत असू, संहिता आणि वाचक यांच्याविषयी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत असू. पुढे पन्नाशीत स्वतःच्या हातावर काय गोंदवावे असा प्रश्न पडला, तेव्हा त्यातले काहीच उपयोगी पडले नाही.

गेली काही वर्षे आम्ही ऑकलंडला राहतो. इथे बसमध्ये समोरच्या माणसाच्या अर्ध्या चड्डीखालून गुडघ्यापर्यंत उतरलेला सामोअन 'पेआ' दिसतो: भरीव काळे पट्टे, आणि त्यांच्यामध्ये कातडीच्या उघड्या, बारीक रेघा. हे काळे काम आम्हाला फार आवडे. मग आम्ही आमच्या सवयीने पुस्तके काढली. कार्ल फॉन डेन स्टाइनेन १८९७-९८ साली मार्केसास बेटांवर गेला होता. तिथल्या गोंदणाचा त्याचा जाडजूड खंड १९२५ साली निघाला. आल्फ्रेड गेलचे 'रॅपिंग इन इमेजेस' १९९३ सालचे. टिपणे काढली, नक्षींच्या प्रती काढल्या, फाइल केली, आणि ती काखेत मारून एका सामोअन कलावंताकडे गेलो. आता लिहिताना त्या फाइलची लाज वाटते.

त्याने पाने शांतपणे उलटली. एका चौकटीशी बोट ठेवून म्हणाला, "हा मालू. बाईच्या गुडघ्यामागे असतो. तुमच्या हातावर तो काय करणार?"

पुरुषाचा पेआ कमरेपासून गुडघ्यापर्यंत, बाईचा मालू मांडीपासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, आणि गुडघ्यामागच्या ज्या शंकरपाळ्यासारख्या आकृतीवरून त्याला नाव मिळाले ती नेमक्या त्याच जागी, हे सारे आम्ही वाचलेले होते. वाचूनही आम्ही ती आकृती उचलून आपल्या दंडाच्या मापाने आखली होती. २०१३ साली एका मोठ्या क्रीडासाहित्य कंपनीने पेआची नक्षी बायकांच्या तंग विजारींवर छापली आणि ओरड झाल्यावर माल मागे घेतला, तेव्हा आम्ही तिला मनसोक्त हसलो होतो. फाइल मिटताना ते आठवले.

एका बाजूने पाहता पुस्तकांचा पक्षही लंगडा नाही. मार्केसासमध्ये मिशनरी आणि फ्रेंच सत्ता यांच्यामुळे गोंदणे जवळजवळ संपले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस तिथल्या लोकांनी ते पुन्हा उभे केले तेव्हा स्टाइनेनचीच रेखाटने कामी आली. पण ती त्यांची त्यांच्याकडे परत गेली. आमच्याकडे ती आली कुठल्या नात्याने?

कलावंताने पुढे विचारले, "तुमच्या घरात कोणाच्या अंगावर आहे?"

होते. आमच्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि मनगटाच्या वर तुळस. लहानपणी जत्रेत गोंदणाऱ्या बाईने ते काढले. काय काढायचे आणि कुठे, हे आजीला कोणी विचारले नव्हते. अर्थ विचारला की ती म्हणे, "मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच," आणि भाजी निवडू लागे. आम्हाला तेव्हा हे अडाणीपण वाटे. शिकलेल्या नातवाने आजीची कीव करावी तशी आम्ही ती केली, आणि वर्गात मात्र क्वीक्वेगवर भाळलो.

तुळस नक्षीत घेऊ या का, असे त्याने सुचवले. आम्ही नको म्हणालो. तीही मागून घेतलेली नव्हती. फाइलीत आणखी एक पान झाले असते.

शेवटी त्याने स्वतःच आखले. माओरींच्या 'मोको'त वंश सांगितलेला असतो. ज्यांचा तो वंश नाही त्यांच्यासाठीच्या कामाला ते 'किरितुही' हे वेगळे नाव देतात. तसाच विवेक हा सामोअन मनुष्य आपल्या नक्षीत पाळत होता. पेआ-मालूच्या खुणा वगळून दातेरी रेघांचा एक पट्टा त्याने योजला. आम्हाला तो मनगटाच्या आतल्या बाजूला, टंकताना दिसेल असा हवा होता. त्याने साचा कोपराखाली बाहेरच्या बाजूला चिकटवला, आम्हाला उभे करून हात सैल सोडायला लावला, तळवा फिरवायला लावला. तळवा फिरला की हाताची कातडी वळते आणि सरळ रेघ तिरकी होते. त्याने साचा पुसला, पुन्हा लावला; असे तीनदा. रेघांमधल्या मोकळ्या जागा आम्हाला फार रुंद वाटल्या. काळे वर्षानुवर्षे पसरते, तेव्हा आज रुंद ठेवावे लागते, असे तो म्हणाला. वेदनेविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. कोपराजवळ आम्ही शिक्षकी आब विसरलो, इतकेच.

पुढे दोन-तीन आठवडे खाज आणि पापुद्रे. मग एके दिवशी बसमध्ये शेजारी बसलेल्या सामोअन बाईंनी हाताकडे बराच वेळ पाहिले. आम्ही मनातल्या मनात एक लांबलचक खुलासा जुळवू लागलो, स्टाइनेनपासून.

"कोणी केलं?" त्यांनी विचारले.

आम्ही नाव सांगितले. त्यांनी मान हलवली आणि त्यांचा थांबा आला तशा उतरून गेल्या.