पडद्यावरची चिनी, घरातली मराठी

सिरियल बघून चिनी येते का, असं मंडळातल्या मैत्रिणी मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: अर्धी येते. कोणती अर्धी येते आणि कोणती राहते, ते इथे लिहिते.

सुरुवात केली ती ‘निर्वाणा इन फायर’ या २०१५ च्या ५४ भागांच्या मालिकेने. राजदरबार, कट, कारस्थानं! ती संपली तेव्हा चिनीत महाराजांना ‘पीश्या’ म्हणतात हे मला पक्कं ठाऊक होतं, पण पेलाभर पाणी मागता येत नव्हतं. मग ‘होम विथ किड्स’ ही २००५ ची घरगुती मालिका सापडली. दुसरं लग्न केलेले आईबाप, तीन मुलं आणि अभ्यासावरून रोजची बोलणी. जेवायला ये, गृहपाठ झाला का, पुरे आता, ही रोजची भाषा तिथे मिळाली.

चिनी मालिकांत पडद्याखाली संवाद बहुधा चिनी लिपीतही येतात. प्रांतागणिक बोली इतकी बदलते की कानाला न कळलेलं डोळ्यांना कळावं, अशी ती सोय. शिकणाऱ्याची त्यात चांदीच. मी एकेक मिनिटाचा तुकडा घेते. आधी अर्थ समजून बघते, मग चिनी अक्षरांसह आणि शेवटी डोळे मिटून नुसता ऐकते. सूर असेच कानात बसले. ‘मा’ उंच आणि सपाट म्हटलं तर आई, खाली जाऊन वर आलं तर घोडा, झटक्यात खाली आणलं तर शिवी देणं. पुस्तकातल्या बाणांनी जे जमलं नाही, ते मालिकेतल्या चिडलेल्या आईने जमवलं.

एक गोष्ट तर मला फुकट मिळाली. निरोप घेताना चिनी लोक ‘त्साय-ज्येन’ म्हणतात. त्यातला पहिला उच्चार म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, ‘चहा’मधला नव्हे. हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी तिथे अडतात. माझ्याकडे तो आजीकडून आलेला आहे.

आता राहिलेली अर्धी. छंग्दूच्या एका मुलीशी मी व्हिडिओ कॉलवर बोलू लागले. तिने विचारलं, जेवलीस का? शब्द न् शब्द कळला, पण जीभ हलेना. आणि एकदम वाटलं, हे तर मी रोज घरी बघते.

आम्ही खजरान्यात राहतो. इथलं गणपतीचं देऊळ अहिल्याबाई होळकरांचं. पण देवळाच्या रांगेत, शाळेत, गल्लीत सगळीकडे हिंदीच. मराठी उरली आहे ती आजीच्या तोंडात आणि तिच्या संध्याकाळच्या सिरियलमध्ये. धाकट्या भावाला ती सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्याची मराठी म्हणजे माझी चिनी: कान तयार, जीभ बंद. आजी ८१ वर्षांची आहे. तिच्यानंतर त्याच्याशी मराठी बोलणार कोण, या विचाराने पोटात गोळा येतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांच्या हाताशी मालिका नव्हत्या. समोर जखमी सैनिक होते आणि त्यांना उत्तर देणं भाग होतं. पुढे ते चिनीत शिकवूही लागले. गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. व्ही. शांताराम यांचा त्यांच्यावरचा १९४६ चा सिनेमा हिंदीत आहे. कोटणीसांचं खरं आयुष्य मात्र चिनीत चाललं होतं.

पडदा कान देतो. जीभ सुटते ती समोरचा उत्तराची वाट बघत असला की. म्हणून आता मी दर संवादानंतर मालिका थांबवते आणि तोच सूर धरून मोठ्याने म्हणते. रविवारी छंग्दूच्या मैत्रिणीशी अडखळत बोलते. आणि रात्रीच्या जेवणाला घरात नवा नियम आहे: जे हवं ते मराठीत मागायचं.

परवा भाऊ थेट सिरियलच्या थाटात म्हणाला, “आजी, मला आणखी एका पोळीची आवश्यकता आहे.” आजी हसून हसून लाल झाली. म्हणाली, “अरे, ‘आजी, पोळी वाढ’ म्हण!” तो तसं म्हणाला, आणि तिने दोन वाढल्या.